क्रूझर दारात, पाना हातात

दसऱ्याला गाडी घरी येते. हार, नारळ, पेढे, चाकाखाली लिंबू आणि अंगणातच शूट केलेलं रील. गल्लीतली पोरं आळीपाळीने सीटवर बसून घेतात. पुढचे दोन महिने गाडी रोज पुसली जाते. मग ऊसतोड सुरू होते, रस्त्यावर चिखल, पाचट आणि धूळ. पुढचा दसरा येईपर्यंत त्याच गाडीची चेन गंजून लाल झालेली असते, क्रोमवर ठिपके आलेले असतात आणि सकाळी बटण दाबलं की इंजिनाऐवजी नुसतंच ‘टक-टक-टक’ ऐकू येतं.

मग काय? गाडी टेम्पोत टाका आणि न्या शहरात!

आमच्या तेरसारख्या गावात हा प्रश्न जरा जास्तच खरा आहे. गावात मेस्त्री आहेत, चांगले आहेत. पण त्यांचा हात बसलेला असतो शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर, कारण गावात त्याच जास्त. क्रूझरचं काम निघालं की धाराशिव, लातूर नाहीतर सोलापूर. एक दिवस जाणार, येण्याजाण्याचं पेट्रोल जाणार, शेतातलं काम अडणार. आणि खरं सांगायचं तर यातली निम्मी कामं अशी असतात, जी घरच्या अंगणात, रविवारी सकाळी, चहा प्यायच्या आत नाहीतर नंतर आरामात होऊ शकतात.

तेर म्हटलं की बहुतेकांना आठवतात संत गोरोबाकाका. इतिहासाच्या पोरांना आठवतं प्राचीन ‘तगर’. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात लिहिलंय, की तगरचं कापड गाड्यांमध्ये भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जायचं. म्हणजे चाकं आणि खराब रस्ते या दोन्ही गोष्टी आमच्या गावाला दोन हजार वर्षांपासून माहीत आहेत. बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय गाडी न जुंपणारी माणसं अजून आमच्या पारावर बसतात. ती सवय मोटरसायकलपर्यंत आणायची, एवढंच काम आपल्या पिढीकडे आहे.

क्रूझर वेगळी कशी?

सीट बुटकी, दोन चाकांतलं अंतर जास्त, हँडल वर आणि मागे आलेलं, पाय पुढे टाकून आरामात बसायचं. ही क्रूझर. अमेरिकेत रुजलेली स्टाइल. आपल्याकडे ती सर्वसामान्यांच्या बजेटमध्ये आली या शतकाच्या सुरुवातीला. बजाज आणि कावासाकीची एलिमिनेटर २००१ मध्ये आली. पुढे २००५ मध्ये बजाजने तोच अवतार अ‍ॅव्हेंजर नावाने आणला. आधी १८० सीसी, मग २००, आणि २०१० मध्ये २२०. तिकडे रॉयल एनफिल्डने २००२ मध्ये थंडरबर्ड काढली आणि ती बंद झाल्यावर २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मिटिऑर ३५० आली. आपल्या गावांत दिसणाऱ्या क्रूझर बघितल्या तर बहुतेक याच घराण्यातल्या. बुलेट तांत्रिकदृष्ट्या क्रूझर नाही, पण तिच्या देखभालीचं गणित जवळपास सारखंच, त्यामुळे बुलेटवाल्यांनीही पुढे वाचायला हरकत नाही.

आता या डिझाइनमुळे घरच्या कामात काय फरक पडतो? एक तर गाडी जड. मिटिऑर १९० किलोच्या पुढे जाते. साइड स्टँडवर मातीच्या अंगणात उभी केली आणि पाऊस झाला की स्टँड मातीत रुततं आणि गाडी आडवी. म्हणून स्टँडखाली फरशीचा तुकडा ठेवायचा, आजपासूनच. दुसरं, काही क्रूझरना मेन स्टँड नसतो. म्हणजे मागचं चाक उचलून फिरवता येत नाही. तिसरं, क्रोम. दिसायला भारी, पण ओल आणि क्षार यांच्यापुढे एकदम नाजूक. आणि चौथं, अनेक क्रूझरला तारांची म्हणजे स्पोकची चाकं असतात आणि त्यांत ट्यूब असते. याचं महत्त्व पुढे येईलच.

आधी हत्यारं

इन्स्टावर दिसणारा लाल रंगाचा चकाचक टूलबॉक्स लागत नाही. आठ ते एकोणीस नंबरपर्यंतचे रिंग आणि डबल पाने, मागच्या अ‍ॅक्सलला लागेल तो मोठा पाना, एलएन कीचा सेट, प्लग पाना, पक्कड, दोन प्रकारचे स्क्रू ड्रायव्हर, हवा मोजायचं गेज आणि काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर. एवढं असलं की झालं. आणि सगळ्यात मोठं हत्यार फुकट मिळालेलं असतं, ते म्हणजे गाडीसोबतचं मॅन्युअल. ते डिक्कीतून काढा, कारण या लेखात आम्ही कितीही आकडे दिले तरी तुमच्या गाडीचा शेवटचा शब्द त्या पुस्तकाचाच.

आणखी एक. नट आवळताना ताकद दाखवायची नाही. इंजिनाची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असते, बोल्ट लोखंडाचा. एक झटका जास्त दिला आणि आटे गेले, की पन्नास रुपयांच्या कामाचे किती होतात ते मेस्त्रीला विचारा. बोल्ट आधी नेहमी हाताने फिरवून आत न्यायचा, सरळ जातोय याची खात्री करायची आणि मगच पाना लावायचा.

चेन : पाच मिनिटांचं काम, पाच हजारांची बचत वगैरे नाही, पण...

...पण जिवाची काळजी नक्की. चालत्या गाडीची चेन तुटली किंवा उतरून मागच्या चाकात अडकली तर काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या भागात चेनचे दोन शत्रू. एक, काळी चिकट माती. पावसात ती चेनला बसते आणि वाळून सिमेंट होते. दुसरा, सोयाबीनच्या मळणीची आणि उसाच्या ट्रॉल्यांची धूळ. ती ऑइलमध्ये मिसळली की चक्क पॉलिश पेपरसारखं काम करते आणि चेन-सॉकेट खाऊन टाकते. (हो, शब्द ‘स्प्रॉकेट’ आहे, पण दुकानात ‘चेन सॉकेट’ मागितलं की लगेच मिळतं.)

साधारण पाचशे किलोमीटरला एकदा, आणि पावसात भिजली की त्याच दिवशी, चेन साफ करायची. ब्रश, थोडं रॉकेल किंवा चेन क्लीनर, मग कोरडं फडकं. पेट्रोल वापरू नका. चेनच्या कड्यांमधल्या रबरी रिंगा खराब होतात आणि शेजारी कुणी काडी ओढली तर तुम्हीच पेटता. मग ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे, चेनच्या आतल्या बाजूला. बाहेरून मारलेलं ऑइल चाक फिरलं की उडून जीन्सवर येतं, आतून मारलेलं कड्यांमध्ये जातं. दहा मिनिटं थांबून जास्तीचं पुसून घ्यायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं वाक्य : इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावायचं नाही. कधीच नाही. फडकं ओढलं जातं, फडक्यामागे बोटं जातात. मेन स्टँड नसेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून वीतभर पुढे ढकला, तेवढी चेन साफ करा, परत ढकला. वेळ लागतो, पण दहाची दहा बोटं राहतात.

चेन किती ढिली हवी? खालच्या बाजूच्या मध्यभागी बोटाने वर-खाली करून बघायचं. बऱ्याच गाड्यांना पंचवीस-तीस मिलीमीटरच्या आसपास खेळ लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा मागच्या फोर्कवरच्या स्टिकरवर असतो. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात ताठ असेल, तिथलं माप धरायचं. अ‍ॅडजस्ट करताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्याच घरावर आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि गाडी एका बाजूला ओढते. मागे ड्रम ब्रेक असेल तर चेन ताणल्यावर ब्रेकचं पायडलही पुन्हा तपासायचं, कारण चाक मागे सरकलं की ब्रेकचं सेटिंगही बदलतं. हे शेवटचं भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

आणि चेन संपली कसं ओळखायचं? मागच्या सॉकेटवरून, अगदी मागच्या टोकाला, एक कडी बोटांनी मागे ओढा. दाताचा निम्मा भाग उघडा पडला तर चेन गेली. दात सरळ न राहता लाटेसारखे एका बाजूला झुकले असतील तर सॉकेटही गेलं. मग तिन्ही एकदम बदलायचं : चेन, पुढचं आणि मागचं सॉकेट. जुन्या सॉकेटवर नवीन चेन म्हणजे नव्या चेनची वाट.

नट हाताने फिरला तेव्हा

आमच्या घरी अ‍ॅव्हेंजर २२० आहे. दादाने सेकंडहँड घेतलेली. दादा आता पुण्यात, गाडी तेरला, वापरतात अप्पा. मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अप्पांनी एका गॅरेजमधून नवीन चेन टाकून आणली. आणल्यावर आईला मागे बसवून ढोकीला जाऊनही आले. संध्याकाळी मी चेनला ऑइल मारायला बसले आणि सहज मागच्या अ‍ॅक्सलच्या नटाला हात लावला, तर तो बोटांनी फिरला. पाना नाही, बोटांनी! म्हणजे आई-अप्पा ढोकीला जाऊन आले ते जवळजवळ सुट्या चाकावर.

गॅरेज कुठलं हा मुद्दाच नाही. पावसाळ्याआधी सगळीकडे गर्दी असते, एका वेळी चार गाड्या उघडलेल्या असतात, मध्येच फोन येतो आणि शेवटचा नट राहतो. हे कुठेही होऊ शकतं, मोठ्या शहरातही. मुद्दा असा, की तो नट बघणारं घरात कुणीतरी पाहिजे.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. गाडी कुणाच्याही हातून दुरुस्त होऊन आली तरी पाच जागा आपण पाना लावून बघायच्या : पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल, हँडलचे बोल्ट, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट आणि इंजिनाखालचा ड्रेन बोल्ट. आवळायचे नाहीत, फक्त घट्ट आहेत का बघायचं. दोन मिनिटं लागतात. अप्पा आधी हसायचे. आता तेच विचारतात, ‘बघितलंस का गं?’

ऑइल : कारचं उरलेलं टाकू नका

कुणाच्या तरी जीपचं लिटरभर ऑइल उरतं आणि ते ‘चांगल्या कंपनीचं आहे’ म्हणून गाडीत जातं. इथे गडबड होते. कारमध्ये क्लच बाहेर, कोरडा असतो. आपल्या मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती क्लचप्लेटला घसरवतात. मग इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही आणि आपण म्हणतो पिकअप गेला. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं आहे का बघा. ते मोटरसायकलच्या ओल्या क्लचसाठीचं प्रमाण आहे. ग्रेड मॅन्युअलप्रमाणे.

बदलायची पद्धत सोपी. गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवून ऑइल कोमट करायचं, म्हणजे गाळासकट नीट वाहतं. खूप गरम असेल तर हात भाजतो. ड्रेन बोल्ट काढा, सगळं निथळू द्या, फिल्टर बदला, बोल्टचा वायसर खराब असेल तर नवीन टाका. ऑइल भरलं की गाडी थोडी चालवून, बंद करून, काही मिनिटांनी गाडी सरळ उभी धरून पातळी बघायची. साइड स्टँडवर बघितलेली पातळी खोटी असते. जड गाडी आहे, एकट्याने धरून वाकू नका, कुणालातरी हाक मारा.

जुन्या ऑइलचं काय करायचं? नालीत नाही, उकिरड्यावर नाही आणि तेरणेच्या काठावर तर अजिबात नाही. वापरलेलं ऑइल कायद्याने धोकादायक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या डब्यात साठवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

धूळ आणि पाणी

एअर फिल्टर म्हणजे गाडीचं नाक. मळणीच्या दिवसांत ते लवकर बंद होतं. मायलेज पडतं, गाडी दमते. फिल्टर कागदाचा असेल तर तो धुवायचा नाही. वरची धूळ झटका, हवा मारायची तर आतून बाहेर आणि हलक्या दाबाने. काळा पडला की बदला. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर ऑइलचा हात देऊन बसवता येतो. मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर चांगल्या रस्त्यासाठीचं असतं. आपण शिवारातल्या रस्त्याने रोज जात असू तर ते निम्मं धरलेलं बरं.

धुण्याबद्दल. वॉशिंगवाल्याच्या पंपाचा फवारा चाकाच्या मधोमध, चेनवर आणि हँडलच्या स्विचवर थेट मारू देऊ नका. पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत जातं, ग्रीस बाहेर येतं. घरी बादली आणि फडकं बेस्ट. गरम इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही. आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात. गाडी उन्हात वाळायला सोडली की क्रोमवर पांढरे डाग बसतात, ते मग निघत नाहीत. धुतल्याबरोबर सावलीत कोरड्या फडक्याने पुसून, क्रोमवर महिन्यातून एकदा व्हॅक्स. बास.

‘टक-टक-टक’ म्हणजे काय?

आजच्या बहुतांश क्रूझरना किक नाही. म्हणजे बॅटरी गेली की गाडी शोपीस. ‘टक-टक’ आवाज येतो तेव्हा बहुतेक वेळा स्टार्टर खराब नसतो, बॅटरी कमी असते किंवा तिचं टर्मिनल ढिलं असतं. इथे मल्टिमीटर कामाला येतो. गाडी रात्रभर बंद असताना सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. गाडी चालू करून थोडा रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान यायला पाहिजे. तेवढं येत नसेल तर बॅटरीला दोष देऊन उपयोग नाही, चार्जिंग होत नाहीये, मेस्त्री गाठा. या एका तपासणीने लोक विनाकारण नवीन बॅटरी घ्यायचे वाचतात.

टर्मिनलवर पांढरी भुकटी दिसली तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने साफ करा, वाळवा, व्हॅसलीन लावा. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना शेवटी निगेटिव्ह. नाहीतर पाना बॉडीला लागला की ठिणगी.

प्लगही बघून घ्या, इंजिन थंड असताना. टोक तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडं काळं म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय किंवा फिल्टर बंद आहे. ओलं तेलकट म्हणजे इंजिनातलं ऑइल वर येतंय, ते घरचं काम नाही. एकदम पांढरंफटक म्हणजे इंजिन जास्त तापतंय. ट्विन स्पार्क इंजिन असेल तर प्लग दोन असतात, दुसरा विसरू नका.

गोरोबाकाकांचं थापटणं

तेरच्या पोरांना ही गोष्ट पाठ असते. संतांचा मेळा गोरोबाकाकांच्या घरी जमला होता. मुक्ताईने कुंभाराचं थापटणं बघून विचारलं, हे कशासाठी? काका म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं ते यावरून कळतं. मग इथली मडकी तपासा, असं ठरलं आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. नामदेव महाराज चिडले आणि कच्चं मडकं ठरले, अशी ती कथा.

अध्यात्म कीर्तनकार सांगतील. पण कारागिराची गोष्ट म्हणून बघा : वस्तू फोडायची नाही, उघडायची नाही, नुसती वाजवायची आणि कानाने ओळखायची. स्पोकच्या चाकाला हीच पद्धत आजही चालते. चाक सावकाश फिरवत प्रत्येक तारेवर छोट्या पान्याने हलकेच टिचकी मारा. घट्ट तार ‘टिंग’ वाजते. ढिली तार ‘थप्प’. सगळ्या तारा साधारण एका सुरात वाजल्या पाहिजेत. एखादी थप्प वाजली तर तिच्या वाट्याचा भार शेजारच्या तारा उचलत असतात, मग त्या ढिल्या होतात, मग रिम डगमगते. खड्ड्यात चाक आपटल्यावर ही तपासणी करायचीच. तार स्वतः आवळायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. एका बाजूने जास्त आवळली की रिम आऊट होते आणि जास्तीची तार आतून ट्यूबला टोचू शकते. ढिली तार शोधणं आपलं काम, रिम सरळ करणं रिमवाल्याचं.

कान तयार करायची ही सवय इतर ठिकाणीही लागते. जुने मेस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकतात, ते उगाच नाही. तुम्ही आपल्या गाडीचा चांगल्या दिवसातला आवाज मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. काही बिघडलं की तुलना करायला हाताशी असतो.

टायरची हवा मात्र कानाने नाही, गेजनेच. तीही सकाळी, टायर थंड असताना. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात दुपारी चालवून आणलेल्या गाडीची हवा जास्तच दाखवते आणि आपण ती सोडून बसतो.

इथे थांबा

घरी सगळं करता येतं असं आम्ही म्हणत नाही. ब्रेक पॅडची जाडी बघणं, लायनरची झीज दाखवणारी खूण बघणं, ब्रेक ऑइलची पातळी बघणं हे घरी. पण डिस्क ब्रेकची हवा काढणं पहिल्यांदा कुणीतरी जाणकार शेजारी असल्याशिवाय नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलतात. पेंटवर सांडलं तर पेंट उडतो. चेन स्प्रे किंवा कुठलंही ऑइल डिस्कवर उडालं तर गाडी तशीच काढू नका, आधी ब्रेक क्लीनरने साफ करा.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आहेत, एबीएस तर १२५ सीसीवरच्या गाड्यांना त्याआधीच सक्तीचं झालं. त्यांचा दिवा मीटरवर पेटून राहिला तर वायर कापून ‘जुगाड’ करू नका. गाडी वॉरंटीत असेल तर इंजिनाला हात लावण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा.

आणि सायलेन्सर. घरी पाना आला की पहिला मोह त्याचाच होतो. फटाके फोडणारा सायलेन्सर बसवणं म्हणजे देखभाल नाही, मोटार वाहन कायद्याने तो गुन्हा आहे. यात्रेच्या गर्दीत, दवाखान्यासमोर तो आवाज काय करतो, हे गाडीवर बसलेल्याला कळत नाही.

गाडी गावात, मालक पुण्यात

आमच्यासारखी घरं तेरमध्ये बरीच आहेत. पोरगा पुण्यात, गाडी पडवीत, दिवाळीला तो येणार तेव्हाच ती निघणार. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. अशा गाडीसाठी : बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा किंवा महिन्यातून एकदा चार्ज करा. टाकी लोखंडी असते, ती अर्धी रिकामी ठेवली की आतून गंजते. म्हणून भरून ठेवा, पण पेट्रोल सहा-सहा महिने तसंच राहू देऊ नका. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल ओढून घेतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचे रबरी पाइप कडक झालेत का, पेट्रोल पाझरतंय का, हेही बघा. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं लावा. आमच्याकडे कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते, शेवटी गाव गोरोबाकाकांचं! फक्त चालू करण्याआधी फडकं काढायची आठवण म्हणून हँडलला चिठ्ठी बांधा. आणि सीटखाली डोकवा, उंदरांना वायरी फार आवडतात.

महिन्यातून एकदा दोन मिनिटं जागेवर चालू करून बंद करण्यात मात्र काही अर्थ नाही. त्याने बॅटरी आणखी उतरते. काढायचीच तर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा.

पाना कुणाच्या हातात?

‘सैराट’मध्ये २०१६ साली आर्ची बुलेटवर आली आणि गावोगावच्या मुलींना वाटलं, आपणही चालवू शकतो. चालवायला आता घरचे फारसे अडवत नाहीत. पण पाना हातात घेतला की अजून ‘तू कशाला, दादाला येऊ दे’ ऐकावं लागतं. दादा दिवाळीला येतो. चेन मात्र दिवाळीपर्यंत थांबत नाही. वर लिहिलेल्या एकाही कामाला दंडाची ताकद लागत नाही. केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली, पायात चपलेऐवजी बूट, एवढंच लागतं. आणि हे पोरांनाही लागू आहे. गॅरेजसमोर खुर्ची टाकून मोबाइल बघत बसण्यापेक्षा उठून मेस्त्री काय करतोय ते बघा, विचारा. बहुतेक मेस्त्री आनंदाने सांगतात. ज्याला यात खरंच रस वाटला त्याच्यासाठी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेडही आहे.

शेवटचं, आणि सगळ्यात स्वस्त. एक शंभर पानी वही आणा. तारीख, किलोमीटरचा आकडा, काय केलं, काय बदललं, एवढं एका ओळीत लिहा. पुढचं ऑइल कधी, हे डोक्यात ठेवावं लागत नाही. मेस्त्रीकडे गेलात तर त्याचा निम्मा वेळ वाचतो. गाडी विकायला काढली तर ती वही बघून गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. आमच्या वहीत सध्या शेवटची ओळ अप्पांच्या अक्षरात आहे : ‘चेन साफ केली. मागचा नट बघितला. घट्ट आहे.’